'जायचो'चं इंग्रजी कुठे शिकावं? रेमंड मर्फींच्या निळ्या पुस्तकाचं एका प्रश्नापुरतं परीक्षण

'लहानपणी आम्ही रोज नदीवर पोहायला जायचो.' या वाक्याचं इंग्रजी करायला सांगितलं की चार उत्तरं हमखास ऐकू येतात. 'वी वेअर गोइंग', 'वी यूज टू गो', 'वी हॅड गॉन' आणि 'वी वेन्ट'. यातलं फक्त शेवटचं बरोबर आहे. सगळ्यांत नेमकं उत्तर 'वी यूज्ड टू गो' हे आहे आणि शाळेत शिकूनही ऐन वेळी तेच आठवत नाही. याचं कारण मराठी माणसाला ही कल्पना अवघड वाटते असं नाही. आपल्याकडे तर भूतकाळातल्या सवयीसाठी स्वतंत्र रूपं आहेत: जुन्या लेखनातलं 'जाई', औपचारिक 'जात असे' आणि बोलण्यातलं 'जायचो'. शाळेच्या व्याकरणात हा रीती भूतकाळ वेगळा शिकवतात. कल्पना आपली ओळखीचीच आहे, अडतं ते रूपांच्या जोडणीत. म्हणून इंग्रजी व्याकरणाचं पुस्तक घेताना ही जोडणी ते कशी करून देतं हे तपासून घ्यावं.

इथे तपासलेलं पुस्तक म्हणजे रेमंड मर्फी यांचं 'इंग्लिश ग्रामर इन यूज'. केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेसने ते १९८५ मध्ये पहिल्यांदा काढलं. पाचवी आवृत्ती २०१९ची आहे. क्लासमध्ये आणि पुस्तकांच्या दुकानांत त्याला 'निळा मर्फी' म्हणतात. पुस्तकाचे बाकीचे गुणदोष इथे बाजूला ठेवले आहेत. प्रश्न एकच: भूतकाळातल्या सवयी इंग्रजीत अचूक सांगायला मराठी माणूस या पुस्तकावर किती विसंबू शकतो?

मांडणी

पुस्तकात १४५ युनिटं आहेत. प्रत्येक युनिट दोन समोरासमोरच्या पानांवर संपतं. डाव्या पानावर नियम आणि उदाहरणं, उजव्या पानावर सराव. पान उलटायची गरज पडत नाही. युनिटच्या आकड्याची दुप्पट केली की डाव्या पानाचा क्रमांक मिळतो, त्यामुळे शोधणंही सोपं आहे. आपला मुख्य विषय युनिट १८, म्हणजे पान ३६. 'मला सवय आहे' या अर्थाचं प्रकरण युनिट ६१, पान १२२. 'वुड'ने सांगायच्या सवयी युनिट ३६, पान ७२.

पुस्तकाची पहिली अडचण या आकड्यांतच दिसते. एकाच विषयाचे तीन तुकडे तीन कोपऱ्यांत पडले आहेत. एकीकडून दुसरीकडे जाण्याच्या खुणा दिलेल्या आहेत, पण बारीक अक्षरात, आणि घाईत वाचणारा त्या ओलांडून जातो. फक्त युनिट १८ करून 'झालं' म्हणणाऱ्याचा निम्मा विषय राहून जातो.

युनिट १८ कसं आहे?

उत्तम आहे. सुरुवातीला एक प्रसंग येतो: एक बाई पूर्वी खूप प्रवास करायची, आता फारशी करत नाही. 'तेव्हा असं होतं, आता नाही' हा 'यूज्ड टू'चा गाभा तिथेच कळतो. ही छटा साध्या भूतकाळात नसते. 'देअर वॉज अ वेल हिअर' म्हटलं तर इथे विहीर होती एवढंच समजतं. ती आता आहे की बुजवली, याबद्दल ते वाक्य काही सांगत नाही. 'देअर यूज्ड टू बी अ वेल हिअर' म्हटलं की ती आता नाही हेही त्यात आलं. मराठीत हे काम आपण 'पूर्वी' हा शब्द घालून करतो.

युनिटमधली सगळ्यांत कामाची ओळ वर्तमानकाळाबद्दलची आहे. हा प्रयोग फक्त भूतकाळाचा आहे, त्याला वर्तमानकाळ नाही, आजच्या सवयीसाठी साधा वर्तमानकाळच वापरायचा, असं पुस्तक स्पष्ट सांगतं. ही ओळ आपल्याकडच्या वाचकाने अधोरेखित करून ठेवावी. 'आय यूज टू टेक द सेव्हन-फोर्टी लोकल', म्हणजे 'मी सात-चाळीसची लोकल पकडतो', हे वाक्य मुंबईच्या ऑफिसांत रोज ऐकू येतं. ते चूक आहे. 'आय टेक' किंवा 'आय यूज्वली टेक' म्हणायला हवं. ऐकणाऱ्या परदेशी माणसाला 'यूज टू' हे 'यूज्ड टू'सारखंच ऐकू येतं आणि तो अर्थ लावतो की हा गृहस्थ आता त्या लोकलने जात नाही.

ही चूक कानातून सुरू होते. 'यूज्ड टू' बोलताना 'डी' वेगळा उच्चारत नाहीत. दोन्ही शब्द मिसळून 'यूस्टू' असं काहीतरी कानावर पडतं. शेवटचा 'डी' ऐकूच न आल्यामुळे माणूस 'यूज टू' असं वर्तमानकाळी रूप मनात तयार करतो. देवनागरीत हा फरक छान दाखवता येतो: सवयीचं 'यूस्ट टू' 'स'ने बोलायचं, आणि 'वापरला' या अर्थाचं 'यूझ्ड' 'झ'ने. पुस्तकाच्या पानावर हा उच्चार ठळकपणे येत नाही. शिक्षक शिकवत असतील तर फळ्यावर ही दोन रूपं पहिल्याच दिवशी लिहून द्यावीत.

नकार आणि प्रश्न यांची मांडणी नीट आहे. 'डिड' आला की 'यूज'चा 'डी' जातो: 'डिड यू यूज टू प्ले?', 'आय डिडन्ट यूज टू लाइक इट'. कारण साधं आहे. भूतकाळाची खूण 'डिड'ने घेतली, ती दोनदा लावायची नसते. 'डिड यू वेन्ट' जसं चूक, तसंच 'डिड यू यूज्ड टू'ही. बोलताना दोन्ही सारखेच ऐकू येतात, त्यामुळे इंग्रजी ज्यांची मायबोली आहे तेही लिहिताना इथे चुकतात. परीक्षेत मात्र 'डी' वगळूनच लिहावं. नकारासाठी आणखी एक सोपी वाट आहे, 'आय नेव्हर यूज्ड टू', आणि ती बोलीत फार सहज वाटते. जुन्या ब्रिटिश पुस्तकांतलं 'यूज्ड नॉट टू' ओळखता यावं. वापरायची गरज नाही.

'टू'नंतर क्रियापदाचं मूळ रूप येतं हेही युनिटमध्ये आहे. 'यूज्ड टू वेन्ट' ही चूक करणाऱ्याला डाव्या पानावरच्या दोन ओळी पुरतात.

पुस्तक जिथे मराठी वाचकाला सोडून देतं

मर्फींनी हे पुस्तक जगभरच्या वाचकांसाठी लिहिलं आहे. कोणत्या भाषेचा माणूस कुठे घसरतो हे त्यात नाही, आणि तशी अपेक्षाही धरता येत नाही. पण मराठी माणसाची मुख्य घसरण नेमकी अशा जागी होते जिथे पुस्तक फक्त वाक्यांची एक जोडी देऊन पुढे जातं. ती जागा म्हणजे 'जात होतो'.

मराठीत 'जात होतो' दोन कामं करतं. 'मी बाजारात जात होतो, तेवढ्यात पाऊस आला' यात एक क्रिया मध्यावर पकडली आहे. 'त्या वर्षी मी सायकलनेच कॉलेजला जात होतो' यात सवय आहे. शाळेत आपल्याला शिकवलेलं असतं की 'जात होतो' म्हणजे 'वॉज गोइंग'. त्यामुळे दुसऱ्या वाक्याचंही 'आय वॉज गोइंग टू कॉलेज ऑन अ बायसिकल' होतं. युनिट १८ 'यूज्ड टू' आणि 'वॉज डूइंग' यांतला फरक दाखवतं, पण दोन उदाहरणांत. घोटाळा मराठी रूपातच आहे हे तिथे कळायला मार्ग नाही.

तो ओळखायची एक साधी कसोटी आहे. मराठी वाक्यातलं 'जात होतो' काढा आणि 'जायचो' घाला. अर्थ तोच राहिला तर सवय आहे, इंग्रजीत 'यूज्ड टू' किंवा साधा भूतकाळ घ्या. वाक्य मोडलं तर क्रिया चालू होती, 'वॉज गोइंग' घ्या. 'बाजारात जायचो, तेवढ्यात पाऊस आला' हे वाक्य उभं राहत नाही. 'त्या वर्षी मी सायकलनेच कॉलेजला जायचो' बिनतोड उभं राहतं. ही कसोटी युनिट १८च्या पानावर पेन्सिलने लिहून ठेवा. या एका ओळीने पुस्तकाची मोठी उणीव भरून निघते.

'वॉज गोइंग टू'मध्ये आणखी एक खड्डा आहे. 'आय वॉज गोइंग टू स्विम' याचा अर्थ 'मी पोहायला जायचो' होत नाही आणि 'पोहायला जात होतो' असाही होत नाही. त्याचा अर्थ 'मी पोहणार होतो', म्हणजे बेत होता, बहुधा फसला. हा अर्थ पुस्तकात युनिट २०मध्ये येतो, पान ४०. 'जायचो'चं भाषांतर करताना नेमकं हेच वाक्य तयार होतं, म्हणून युनिट १८ झाल्यावर लगेच युनिट २०चा तेवढा भाग वाचून घ्यावा.

चालू भूतकाळ सवयीसाठी कधीच चालत नाही असंही समजू नये. तात्पुरत्या, थोड्या दिवसांच्या सवयीसाठी तो चालतो: 'दॅट मन्थ आय वॉज स्लीपिंग ॲट द हॉस्पिटल', त्या महिन्यात मी हॉस्पिटलातच झोपत होतो. शिवाय 'ऑल्वेज' जोडून कटकट सांगायला तो हवाच असतो: 'ही वॉज ऑल्वेज लूझिंग हिज कीज', सारखा किल्ल्या हरवायचा. पण बालपण, शाळा, जुनं गाव अशा लांब काळाच्या सवयींना तो लावू नये.

'हॅड गॉन'ची चूकही याच रांगेतली आहे. 'गेलो होतो' म्हटलं की हात 'हॅड'कडे जातो. 'मागच्या वर्षी महाबळेश्वरला गेलो होतो' याचं इंग्रजी 'आय वेन्ट' एवढंच. 'हॅड' फक्त भूतकाळातल्या दुसऱ्या घटनेच्याही आधीची गोष्ट सांगायला लागतो. युनिट १५ त्याच्यासाठी आहे. सवयीशी त्याचा संबंध नाही, म्हणून इथे एवढंच.

'सवय' या शब्दाचा घोळ

युनिट ६१ 'बी यूज्ड टू' आणि 'गेट यूज्ड टू' यांबद्दल आहे. उदाहरण एका अमेरिकन बाईचं आहे. ब्रिटनमध्ये राहायला आल्यावर तिला रस्त्याच्या डाव्या बाजूने गाडी चालवणं सुरुवातीला विचित्र वाटलं, मग सवय झाली. आपण डावीकडूनच चालवतो, त्यामुळे भारतीय वाचक इथे क्षणभर थबकतो. विद्यार्थ्यांना शिकवताना उदाहरण उलटं करून घ्यावं: पुण्याहून अमेरिकेत गेलेला माणूस आणि उजवीकडून गाडी चालवण्याची सवय.

रचना पुस्तकाने चोख सांगितली आहे. इथला 'टू' शब्दयोगी आहे, त्याच्यापुढे नाम येतं किंवा 'आयएनजी' लावलेलं रूप. 'आय ॲम यूज्ड टू द हीट', 'आय ॲम यूज्ड टू वेकिंग अप अर्ली'. 'आय ॲम यूज्ड टू वेक अप' चूक.

पण मराठी 'सवय' इथेही फसवते. 'मला उन्हाची सवय आहे' आणि 'मला जेवल्यावर बडीशेप खाण्याची सवय आहे' ही दोन वाक्यं मराठीत एका साच्यातली आहेत. इंग्रजीत ती दोन वेगळी वाक्यं होतात. पहिल्यात त्रास होत नाही, अंगवळणी पडलं आहे, म्हणून 'आय ॲम यूज्ड टू द हीट'. दुसऱ्यात आपण ती गोष्ट नेहमी करतो एवढंच सांगायचं आहे, म्हणून 'आय यूज्वली ईट फेनेल सीड्स आफ्टर मील्स' किंवा नुसतं 'आय ईट'. 'आय ॲम यूज्ड टू ईटिंग फेनेल सीड्स' म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटेल की बडीशेप खाणं अवघड आहे आणि तुम्ही ते सोसायला शिकलात. इथली कसोटी अशी: 'सवय आहे'च्या जागी 'आता त्रास होत नाही' घालून बघा. बसलं तर 'यूज्ड टू', नाही बसलं तर साधा वर्तमानकाळ.

तिसरा 'यूज्ड टू' आणखी वेगळा आहे: 'धिस नाइफ इज यूज्ड टू कट फिश', ही सुरी मासे कापायला वापरतात. दिसायला सारखाच, उच्चार मात्र 'झ'चा. पुढे मूळ क्रियापद येतं, आणि त्यामुळेच 'आय ॲम यूज्ड टू वेक' ही चूक मनात पक्की होते. तिन्ही एकाच कागदावर मांडावेत: पूर्वीची सवय, अंगवळणी पडणं, वापर. पहिल्यात मागे 'ॲम-इज-वॉज' नसतो. दुसऱ्यात असतो आणि पुढे 'आयएनजी' किंवा नाम येतं. तिसऱ्यात असतो आणि पुढे मूळ क्रियापद येतं. पुस्तक पहिल्या दोघांची तुलना देतं, तीही दोन्ही युनिटांत, हे कौतुकास्पद आहे.

'वुड': सर्वांत कमी जागा आणि सर्वांत मोठी गरज

मर्फींच्या पुस्तकाची या विषयातली खरी कमतरता इथे आहे. सवयीचा 'वुड' युनिट ३६च्या शेवटी थोडक्यात येतो. तो 'यूज्ड टू'च्या जवळचा आहे असं सांगून युनिट १८कडे बोट दाखवलं जातं. कुठे चालत नाही यावर जोर दिलेला नाही, आणि शिकणारा चुकतो तो तिथेच.

आधी मराठी वाचकाची अडचण पाहू. आपल्या शाळांत 'वुड' शिकवतात तो 'आला असता', 'येईल का' या अर्थांनी. त्यामुळे 'ही वुड कम एव्हरी संडे' वाचल्यावर 'तो दर रविवारी आला असता' असा अर्थ लागतो आणि पूर्ण परिच्छेद कळेनासा होतो. इथे 'तो दर रविवारी यायचा' असा अर्थ आहे. 'एव्हरी संडे', 'व्हेनेव्हर', 'इन द समर' असे शब्द जवळ असतील आणि गोष्ट जुन्या काळाची असेल तर 'वुड' सवयीचा, हे वाचताना लक्षात ठेवावं.

लिहिताना दोन बंधनं. पहिलं: काळ आधी स्थापन झालेला हवा. इंग्रजी लेखक बहुतेक वेळा पहिलं वाक्य 'यूज्ड टू' किंवा साध्या भूतकाळात घेतात आणि मग 'वुड'वर येतात. कुठलाही संदर्भ न देता 'आय वुड प्ले क्रिकेट' म्हटलं तर ऐकणारा 'खेळलो असतो' असं समजेल.

दुसरं बंधन जास्त महत्त्वाचं: 'वुड' फक्त वारंवार केलेल्या कृतीला लागतो, स्थितीला लागत नाही. 'आम्ही साताऱ्याला राहायचो', 'त्याच्याकडे जावा मोटारसायकल असायची', 'मला ते गाणं आवडायचं' या तिन्हींत मराठीने 'यायचो'सारखंच 'राहायचो' रूप घेतलं आहे, म्हणून 'वी वुड लिव्ह इन सातारा' लिहिण्याचा मोह होतो. ते चूक. राहणं, असणं, मालकी, आवडणं, माहीत असणं, विश्वास असणं यांना 'यूज्ड टू' किंवा साधा भूतकाळ. एक सूट आहे: स्थिती पुन्हापुन्हा येणारी असेल तर 'वुड बी' चालतं. 'ही वुड बी अँग्री व्हेनेव्हर वी केम लेट', आम्ही उशिरा आलो की दर वेळी तो रागवलेला असायचा. तिथे प्रत्येक वेळची स्थिती वेगळी मोजता येते.

हे सगळं एका जागी हवं असेल तर याच मालेतलं हिरवं पुस्तक, मार्टिन ह्यूइंग्ज यांचं 'ॲडव्हान्स्ड ग्रामर इन यूज', पाहावं. त्यात 'विल', 'वुड' आणि 'यूज्ड टू' एकाच युनिटमध्ये शेजारी मांडले आहेत. किती वेळा किंवा किती काळ हे नेमकं सांगायचं असेल तर 'वुड' आणि 'यूज्ड टू' दोन्ही वापरायचे नाहीत, हा नियमही तिथे मिळतो. 'मी दहा वर्षं नाशिकला राहिलो' म्हणजे 'आय लिव्ह्ड इन नाशिक फॉर टेन इयर्स'. 'आम्ही चार वेळा रायगड चढलो' म्हणजे 'वी क्लाइम्ब्ड रायगड फोर टाइम्स'. आकडा आला की साधा भूतकाळ. मात्र 'आठवड्यातून तीनदा जायचो' यातला आकडा वारंवारतेचा आहे, एकूण बेरजेचा नाही, म्हणून 'वी यूज्ड टू गो थ्री टाइम्स अ वीक' बरोबर. हा फरक निळ्या पुस्तकात आला असता तर बरं झालं असतं. फक्त एवढ्यासाठी हिरवं पुस्तक विकत घेण्याची गरज मात्र नाही, ग्रंथालयात ते एक युनिट वाचलं तरी पुरे.

सराव कसे आहेत?

उजव्या पानावरचे सराव बहुतेक रिकाम्या जागा भरण्याचे आहेत. पहिल्या ओळखीसाठी ठीक. पण पानाचं शीर्षकच उत्तर सांगतं. वर 'यूज्ड टू' लिहिलेलं असताना खाली 'यूज्ड टू' भरणं ही परीक्षा होत नाही. खरी परीक्षा निवडीची असते: साधा, चालू, 'यूज्ड टू' की 'वुड'? पुस्तकाच्या शेवटी जादा सराव आहेत आणि त्यांत चालू भूतकाळ आणि 'यूज्ड टू' एकत्र करणारा एक सराव आहे. तो सोडू नये. 'वुड' मात्र त्या निवडीत येत नाही.

एक सवय ठेवावी. उत्तरं पेन्सिलनेही पुस्तकात लिहू नयेत, वहीत पूर्ण वाक्य लिहावं. रिकाम्या जागेत दोन शब्द भरणाऱ्याला 'डिड' आल्यावर 'डी' गेला हे डोळ्यांनी दिसतं, हाताला मात्र त्याचं वळण पडत नाही. आणि तीन आठवड्यांनी तेच पान पुन्हा करता येतं.

वेळेचा हिशेब असा धरावा: एका बैठकीला पाऊण तास, पाच बैठका. पहिलीत युनिट ५ आणि ६, साधा आणि चालू भूतकाळ. दुसरीत युनिट १८, 'जायचो'च्या कसोटीसह. तिसरीत युनिट ६१ आणि तिन्ही 'यूज्ड टू'चा कागद. चौथीत युनिट ३६चा शेवट आणि युनिट २०मधला 'वॉज गोइंग टू'. पाचवीत मागचा जादा सराव आणि खालचा उतारा. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेतल्या मुलाखतीत बालपणाबद्दल, जुन्या घराबद्दल विचारतात आणि व्याकरणातलं वैविध्य व अचूकता हा गुण देण्याच्या चार निकषांपैकी एक आहे. तिथे ही तयारी थेट उपयोगी पडते.

घेताना

पुस्तक दोन प्रकारांत मिळतं, उत्तरांसह आणि उत्तरांशिवाय. घरी एकट्याने अभ्यास करणाऱ्याने मुखपृष्ठावर 'विथ आन्सर्स' पाहूनच पैसे द्यावेत. उत्तरांशिवायचं वर्गासाठी आहे. दक्षिण आशियासाठी छापलेली आवृत्ती परदेशी छपाईपेक्षा स्वस्त पडते आणि युनिटं तीच असतात. पदपथावरची नक्कल प्रत घेऊ नये. या पुस्तकात रंगाला अर्थ आहे, नियमातला महत्त्वाचा भाग रंगाने आणि ठळक अक्षराने उठवलेला असतो, आणि काळ्या-पांढऱ्या नकलेत तो सपाट होतो. जुनी चौथी आवृत्ती मिळाली तर या विषयापुरती चालेल, १८, ३६ आणि ६१ हे क्रमांक तिथेही तेच आहेत.

सगळं स्पष्टीकरण इंग्रजीत आहे, हे आधी ध्यानात घ्यावं. ज्याला इंग्रजी परिच्छेद अडखळत वाचावा लागतो त्याने आधी लाल पुस्तक, 'इसेन्शियल ग्रामर इन यूज', घ्यावं. त्यातही 'यूज्ड टू'ला स्वतंत्र युनिट आहे, वाक्यं लहान आहेत. मायकेल स्वान यांचं ऑक्सफर्डचं 'प्रॅक्टिकल इंग्लिश यूसेज' शिक्षकांच्या टेबलावर असावं. पण ते शंका आली की उघडायचं पुस्तक आहे, क्रमाने शिकायचं नाही.

पुस्तकात नसलेला एक सराव

हा उतारा इंग्रजीत करा. प्रत्येक वाक्यासाठी वेगळा निर्णय घ्यावा लागेल.

'पूर्वी आम्ही मिरजेला राहायचो. घरामागे मोठं चिंचेचं झाड होतं. आजोबा रोज पहाटे पाचला उठायचे, विहिरीचं पाणी शेंदायचे आणि मग आम्हाला उठवायचे. मला लवकर उठायची सवय नव्हती, हळूहळू झाली. एकदा धाकटा भाऊ विहिरीत पडला. तेव्हा आजोबा पाणीच शेंदत होते. आम्ही तिथे बारा वर्षं राहिलो.'

पहिलं वाक्य स्थितीचं आहे, म्हणून 'वी यूज्ड टू लिव्ह इन मिरज'. 'वुड' नको. झाडाला 'देअर वॉज', आणि ते आता नसेल तर 'देअर यूज्ड टू बी'. तिसऱ्या वाक्यात काळ स्थापन झाला आहे आणि कृती रोजची आहे, तिथे 'वुड' शोभतो: 'एव्हरी मॉर्निंग ग्रँडफादर वुड गेट अप ॲट फाइव्ह, ड्रॉ वॉटर फ्रॉम द वेल अँड देन वेक अस अप'. 'वुड' एकदाच, तिन्ही क्रियापदांना तो पुरतो. चौथं: 'आय वॉजन्ट यूज्ड टू गेटिंग अप अर्ली, बट आय स्लोली गॉट यूज्ड टू इट'. इथे 'आय डिडन्ट यूज टू गेट अप अर्ली' लिहिलं तर 'मी लवकर उठायचो नाही' असा अर्थ होतो, आणि मूळ वाक्यात तर मुलं उठत होती, फक्त जड जायचं. पाचवं एकदाच घडलं: 'वन डे माय यंगर ब्रदर फेल इन्टू द वेल'. सहाव्यात क्रिया मध्यावर पकडली आहे, 'शेंदायचे' घालून वाक्य मोडतं, म्हणून 'ग्रँडफादर वॉज ड्रॉइंग वॉटर ॲट द टाइम'. आणि शेवटचं 'वी लिव्ह्ड देअर फॉर ट्वेल्व्ह इयर्स', कारण आकडा आला. पहिल्या आणि शेवटच्या वाक्यात क्रियापद एकच आहे, राहणं. एकाला 'यूज्ड टू लिव्ह' आणि दुसऱ्याला 'लिव्ह्ड' हे न थांबता लिहिता आलं की युनिट १८ परत उघडायची गरज उरत नाही.